माझी तसबीर भिंतीवरून उतरवावी : वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व विश्वस्त,
विद्यार्थी वसतिगृह, पुणे

सप्रेम नमस्कार.

आपल्या नव्या इमारतीच्या प्रवेशदालनात गेल्या महिन्यात माजी विद्यार्थ्यांच्या तसबिरींची जी भिंत उभी राहिली, तिच्यावर डावीकडून चौथी तसबीर माझी आहे. खालच्या पितळी पट्टीवर माझे नाव, माझ्या भोसरीच्या कारखान्याचा उल्लेख आणि ‘शून्यातून, स्वकर्तृत्वाने’ हे शब्द कोरलेले आहेत. त्याच आठवड्यात मंडळाचे परिपत्रक आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या हाती आले. त्यानुसार येत्या शैक्षणिक वर्षापासून सवलतीच्या जागा घरची परिस्थिती पाहून न देता केवळ प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल आणि मुलाखत यांवर दिल्या जातील. ज्याचे विषय राहतील त्याची सवलत पुढच्या सत्रापासून बंद होईल. आणि ज्याला शिकायचे असते तो शिकतोच, या कारणास्तव संध्याकाळचे इंग्रजी व गणिताचे पूरक वर्ग थांबवले जातील. या निर्णयाबद्दल मी आपणास दोन पत्रे लिहिली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. वसतिगृह लोकांनी दिलेल्या देणग्यांवर उभे आहे, त्यामुळे त्याचे धोरण हा मंडळाचा घरगुती विषय नाही असे मी मानतो, आणि म्हणून हे तिसरे पत्र उघड लिहीत आहे.

माझी तसबीर आणि आपले परिपत्रक एकमेकांना खोटे ठरवतात, हे आधी सांगतो. १९७३ च्या जुलैमध्ये मी माण तालुक्यातून डिप्लोमासाठी पुण्यात आलो आणि आपल्या वसतिगृहात सवलतीच्या जागेवर राहिलो. पहिल्या वर्षी माझे दोन विषय राहिले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वर्गात काय बोलले जाते हेच पहिले चार महिने कळत नव्हते. नव्या नियमाप्रमाणे त्या निकालानंतर मला खोली सोडावी लागली असती, आणि खोली सोडणे म्हणजे गावी परतणे, याखेरीज दुसरा अर्थ माझ्या बाबतीत नव्हता. ज्या मुलाला आपण आज बाहेर काढाल, त्याचीच तसबीर आपण दालनात लावली आहे. मुलाखतीला येणारा विद्यार्थी ती पाहून आत जाणार, आणि त्याच्यासारख्याच एका नापासाला आपण आदर्श म्हणून टांगले आहे, हे त्याला कोणी सांगणार नाही.

त्या वर्षी मला काढले नाही, कारण तेव्हाच्या रेक्टरांनी निकालपत्र पाहून एवढेच विचारले की कुठले विषय, आणि संध्याकाळच्या वर्गात माझे नाव घातले. खानावळीचे माझे सात महिन्यांचे पैसे थकले होते. ती बाकी ते वहीत शिसपेन्सिलीने लिहीत. डिप्लोमा संपवून निघताना मी एकूण आकडा विचारला, तेव्हा त्यांनी वही उघडून दाखवली. पान खोडरबराने पुसलेले होते. आज कोणत्याही लेखापरीक्षकाला हा व्यवहार मान्य होणार नाही, आणि तो तसाच चालू ठेवावा असे माझे म्हणणेही नाही. पण पितळी पट्टीवर ‘शून्यातून’ असे लिहिताना त्या पुसलेल्या आकड्याला आपण शून्य म्हणत आहात, हे मात्र मी नोंदवून ठेवतो.

भिंतीच्या उद्घाटनाला मी माझ्या खोलीतल्या तेव्हाच्या जोडीदाराला मुद्दाम बोलावले होते. माझ्यापेक्षा त्याला तेव्हाच्या अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला, गुण जास्त, आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये तर तो वर्गात पहिला. माझ्याकडे ड्रॉइंगचे साहित्य नव्हते. त्याचा टी-स्क्वेअर आणि कंपासपेटी मी रात्री वापरत असे आणि चुकलेल्या रेघा तो शेजारी बसून दुरुस्त करून घेत असे. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्याचे वडील अंथरुणाला खिळले, धाकटी तीन भावंडे घरी होती, आणि तो गेला. तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचे छोटे दुकान त्याने आयुष्यभर चालवले. आसपासच्या किती विहिरींवरचे पंप त्याच्या हाताने चालू राहिले, याची मोजदाद कुठल्या भिंतीवर नाही. पट्टीवरचे शब्द वाचून तो मला हळूच म्हणाला, ‘‘आरं, स्वकर्तृत्वानं म्हनत्यात, मग त्या शीटा कुनी काढल्या हुत्या?’’ आम्ही दोघेही हसलो. घरी आल्यावर मात्र मला हसू आले नाही.

शून्य म्हणजे काय, याचा हिशेब मी तेव्हापासून मांडतो आहे, आणि तो जितका मांडावा तितका लांबतो. १९७२ च्या दुष्काळात आईवडील सरकारी कामावर खडी फोडायला जात होते; ते काम आणि तिथे मिळणारी सुकडी नसती तर शाळा तेव्हाच सुटली असती. शाळेची फी ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या, सवलतीत माफ होती. तालुक्याच्या हायस्कुलात शिकताना गावाहून आईने बांधलेला डबा सकाळच्या एस.टी.ने येत असे, आणि कंडक्टर तो स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीत ठेवत असत; त्यांनी त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. १९८४ मध्ये भोसरीत पहिला लेथ बसवला तो बँकेच्या कर्जावर. माझ्यासारख्या तारणहीन माणसाला बँकेने दारात उभे केले, याचे कारण १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि लघुउद्योगांना अग्रक्रमाने कर्ज देण्याचे धोरण होते. कागदपत्रे जिल्हा उद्योग केंद्रात एका कारकुनाने तीनदा दुरुस्त करून दिली. शेड ज्या औद्योगिक वसाहतीत घेतली, ती जमीन कधीकाळी भोसरीच्या शेतकऱ्यांची होती. त्यांना काय भाव मिळाला होता, हे मी तेव्हा विचारलेही नाही. आणि माल खपला, कारण त्या काळात लोक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत होते; सुटे भाग बनवणाऱ्याकडे काम चालत येत होते. मी मेहनत केली. सोळा-सोळा तास केली. पण माझ्या लेथवरचा टर्नरही तितकेच तास उभा होता.

आता परिपत्रकाकडे येतो. माझी पहिली हरकत पर्सेंटाइल या एकमेव निकषाला आहे. पर्सेंटाइल हा आकडा परीक्षेत आपल्या मागे किती टक्के उमेदवार राहिले हे सांगतो. तिथपर्यंत येण्यासाठी कोण किती चालून आला, याचा त्यात काही पत्ता नसतो. पुण्यात अकरावी-बारावी ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीने, म्हणजे कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लास अशी, करणारा मुलगा आणि आटपाडीच्या कॉलेजात पंखा नसलेल्या वर्गात शिकून, सुट्टीत डाळिंबाच्या बागेत मजुरी करून आलेला मुलगा यांच्यात चार-पाच पर्सेंटाइलचा फरक पडला, तर त्या फरकाला आपण कोणाची गुणवत्ता म्हणणार? पहिल्याने अभ्यास केला नाही असे मी म्हणत नाही. त्याला सवलतीच्या कॉटची गरज नाही, एवढेच म्हणतो. गरजूंसाठी ठेवलेला पैसा बक्षीस म्हणून वाटायला घेतला की तो हमखास त्यांच्याकडे जातो ज्यांना आधीच बक्षिसे मिळालेली असतात.

दुसरी हरकत मुलाखतीला आहे. परिपत्रकात ‘मेरिटोक्रसी’, म्हणजे गुणवत्तेची सत्ता, हा शब्द दोनदा आणि बऱ्याच अभिमानाने आला आहे. हा शब्द रूढ करणारे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये तो उपहासाने वापरला होता. त्यांनी रंगवलेल्या समाजात वर बसलेल्यांना आपण त्या जागेला सर्वस्वी पात्र आहोत याची खात्री असते, आणि खाली राहिलेल्यांकडे स्वतःच्या अपात्रतेखेरीज दुसरे कारणच उरत नाही. लोकांनी तो शब्द गंभीरपणे उचलला याची तक्रार त्यांना २००१ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून करावी लागली. शब्दाचे सोडा, अनुभवही तेच सांगतो. एमिलिओ कॅस्टिला आणि स्टीफन बेनार्ड या दोन अभ्यासकांचे अमेरिकेतील प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. व्यवस्थापनाचा अनुभव असलेल्या लोकांना त्यांनी एका कल्पित कंपनीतल्या कर्मचाऱ्यांचे बोनस ठरवायला दिले. जिथे कंपनी केवळ गुणवत्तेलाच महत्त्व देते असे ठसवून सांगितले होते, तिथे सारख्याच कामगिरीच्या स्त्रीपेक्षा पुरुषाला जास्त बोनस दिला गेला. आपण निःपक्षपाती आहोत अशी एकदा खात्री पटली की माणूस स्वतःला तपासायचे सोडून देतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. आपल्या मुलाखत समितीतले पाचही जण पुण्यात वाढलेले, इंग्रजीत सहज बोलणारे, सज्जन गृहस्थ आहेत. म्हसवडचा मुलगा समोर अडखळेल तेव्हा त्याच्यात ‘आत्मविश्वास कमी’ अशी नोंद होईल, आणि ती नोंद करणाऱ्याच्या मनात जराही पाप नसेल. मला भीती आहे ती नेमकी याचीच.

पूरक वर्गांबद्दल फार लिहीत नाही. ज्याला शिकायचे असते तो शिकतोच, हे वाक्य मी आजवर फक्त शिकून मोकळ्या झालेल्या लोकांच्याच तोंडून ऐकले आहे.

ही भाषा पुण्यात बसून वापरली जावी, याचे मला विशेष वाईट वाटते. १८८२ मध्ये याच शहरातून महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन ठेवले आणि त्यात विचारले की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो आणि रयतेच्या मुलांच्या वाट्याला प्राथमिक शाळाही का येत नाही. शिकलेल्यांचे शिक्षण कोणाच्या पैशावर झाले, हा प्रश्न इतका थेट त्याआधी क्वचितच कोणी विचारला असेल. नामदार गोखल्यांचे कर्तृत्व आपण सांगतो, तेव्हा त्यांच्या शिक्षणासाठी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरणारे आणि तुटपुंज्या पगारातून दरमहा पैसे पाठवणारे थोरले बंधू गोविंदराव एका वाक्यात येऊन जातात. पेठांमधल्या वाड्यांत गरीब मुले वार लावून जेवत असत, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्यांतले कितीतरी पुढे मोठे झाले. आणि हेही विसरता येत नाही की ते वार बहुतेक जातीच्या उंबरठ्याच्या आतच मिळत. ज्याला वार मिळाला नाही तो मागे पडला, आणि पुढे त्याच्या मागे पडण्यालाच बुद्धीचा अभाव म्हटले गेले. १९०९ मध्ये सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह किंवा १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी उभी केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती, ही कामे निघाली कारण कोणाला तरी वाटले की मुलाची हुशारी दिसायच्या आधी त्याच्या पोटाची आणि पथारीची सोय व्हावी लागते. आपले वसतिगृहही याच शहाणपणातून निघाले. आपण आता तो क्रम उलटा करत आहात.

यश केवळ स्वतःचे असते, या समजुतीने माझ्या स्वतःच्या घरात काय केले, ते सांगितल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. माझ्या बहिणीचा मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर सहा वर्षे राहिला. पहाटे अभ्यासिकेची जागा धरायची, दुपारी मेसचा डबा, रात्री अकरापर्यंत पुन्हा अभ्यासिका. दोनदा मुख्य परीक्षा उत्तीर्ण झाला, दोन्ही वेळा अंतिम यादीबाहेर थोडक्या गुणांनी राहिला. ज्या रेषेवर एकेका गुणात कितीतरी मुले दाटलेली असतात, तिथे एक प्रश्न इकडचा तिकडे झाला तर एक जण सत्काराच्या व्यासपीठावर जातो आणि दुसरा एस.टी. स्टँडवर. तो परत निघाला तेव्हा मी त्याला समोर बसवून सांगितले, ‘‘मी शून्यातून उभा राहिलो, तुझ्याकडे तर सगळे होते. कमी पडलास तो तूच.’’ हे मी प्रेमाने बोललो असे मला तेव्हा वाटत होते. आज आठ वर्षे झाली, भाऊबिजेला मी बहिणीकडे जातो तेव्हा तो शेतात निघून जातो आणि मी निघाल्यावर घरी येतो. परीक्षेतले अपयश त्याने पचवले असते. अपयश म्हणजे तूच, हे मामाने सांगितलेले त्याला पचवता आले नाही. पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये अशी मुले शेकड्यांनी आहेत, आणि आपल्या दालनातली भिंत त्यांनाही रोज तेच सांगेल.

जे जिंकतात त्यांचेही काही बरे होत नाही. आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप समूहाचेच उदाहरण घ्या. २०२३ मध्ये एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा ‘आमच्या कराच्या पैशावर फुकटेगिरी’ या आशयाचे संदेश दोन दिवस फिरत होते. पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी शाळा एस.टी.च्या सवलतीच्या पासावर केली आहे, हे मला व्यक्तिशः माहीत आहे. गरज सरो वैद्य मरो, ही म्हण आपल्याकडे उगाच झालेली नाही. मात्र ही माणसे कृतघ्न स्वभावाची आहेत असे मला वाटत नाही. कोणी आजारी पडले तर तासाभरात लाख रुपये गोळा करणारी तीच आहेत. त्यांना फक्त स्वतःची गोष्ट इतक्यांदा ‘स्वकष्टाने’ या शब्दात सांगितली गेली आहे की तिच्यातले कंडक्टर, रेक्टर, कारकून एकेक करून गळून गेले. अशी माणसे पुढे विश्वस्त होतात, नगरसेवक होतात, कारखानदार होतात, आणि ज्या शिडीने आपण चढलो ती शिडी होती हेच त्यांना आठवत नसल्यामुळे ती काढून घेताना त्यांना काही चुकते आहे असे वाटत नाही. नव्या इमारतीबरोबर आपण खानावळीच्या मावश्यांना कंत्राटदाराकडे सोपवले, त्यांतल्या दोघी वीस वर्षांहून अधिक काळ इथे होत्या, आणि सभेत त्यावर एकही प्रश्न निघाला नाही, ही त्याच विसराळूपणाची खूण आहे.

आपली अडचण मला कळत नाही असे नाही. उत्पन्नाचे खोटे दाखले येतात. मोटारीतून उतरून सवलत मागणारे पालक मीही पाहिले आहेत. देणगीदार आता निकाल मागतात, आणि नापास मुलांवर पैसा का घालवता, या प्रश्नाला दरवर्षी तोंड देणे सोपे नाही. कष्टाला किंमत नाही असेही माझे म्हणणे नाही. कष्ट न करणाऱ्याची जागा अडून राहू नये, हे मला मान्य आहे. पण दाखला खोटा असेल तर दाखला तपासावा. पूर्वी दोन माजी विद्यार्थी अर्जदाराच्या घरी जाऊन येत, चहा पीत, गोठा पाहत, आणि परत येऊन अर्ध्या पानाचा अहवाल देत. त्या अर्ध्या पानात पर्सेंटाइलपेक्षा जास्त माहिती असे. मोटारीवाले त्यात सापडतही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो. सवलतीच्या जागा पूर्वीप्रमाणे गरजेवरच द्याव्यात. गुणवंतांचा गौरव करायचाच असेल तर त्यासाठी वेगळा निधी उभारावा, त्याला मीही वर्गणी देईन. गृहभेटींची पद्धत पुन्हा सुरू करावी. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या भेटी मी आणि माझे तीन जुने सहकारी स्वखर्चाने करू. विषय राहिलेल्या विद्यार्थ्याला किमान एक पूर्ण वर्ष मिळावे आणि त्या वर्षात पूरक वर्ग सक्तीचे असावेत. ते वर्ग अर्थातच चालू राहावेत. मुलाखत घ्यायचीच असेल तर ती मराठीत घ्यावी, आणि समितीत किमान दोन जण ग्रामीण भागातून सवलतीवर शिकलेले असावेत. खानावळीतल्या जुन्या मावश्यांना संस्थेच्या पगारपत्रकावर परत घ्यावे. हे परिपत्रक सर्वसाधारण सभेपुढे चर्चेला ठेवावे आणि तोवर त्याची अंमलबजावणी थांबवावी.

माझ्या वार्षिक देणगीबद्दल दोन विश्वस्तांनी फोनवर चौकशी केली, म्हणून लिहितो की ती नेहमीप्रमाणे जूनमध्ये जमा होईल. मंडळावरचा राग मुलांच्या ताटावर काढणे मला जमणार नाही.

राहिली तसबीर. तिच्या पट्टीवरचे ‘शून्यातून, स्वकर्तृत्वाने’ हे शब्द काढून ‘पहिल्या वर्षी दोन विषय राहिले होते, वसतिगृहाने ठेवून घेतले’ असे कोरण्याची आपली तयारी असेल, तर ती तिथे राहायला माझी हरकत नाही. तसे नसेल तर येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी कार्यालयात येतो. तसबीर उतरवायला माणूस नसला तरी चालेल, स्क्रू ड्रायव्हर मी घेऊन येईन. पोचपावती तेवढी तयार ठेवावी.

आपला,
१९७३ ते १९७६ या काळातील सवलतीच्या जागेवरचा एक विद्यार्थी
पुणे